आधी पंचांग, मग तिकीट: खानदेशातून दमणला जाताना

पहिल्यांदा दमणला गेलो तो दत्तजयंतीचा दिवस होता. सारंगखेड्याच्या यात्रेची गर्दी टाळून आम्ही घरची सात माणसं अमळनेरहून निघालो. आईने सत्तरीत पहिल्यांदा समुद्र बघायचा होता. जामपोरच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा झाले होते. समोर काळपट, ओला, चमकणारा चिखल पसरला होता आणि पार टोकाला पाण्याची एक बारीक रेघ दिसत होती. आई सुरूच्या झाडाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "पानी कथं गयं रे भाऊ?" मला उत्तर देता आलं नाही. धाकटा मुलगा पाण्याकडे धावला, शंभर पावलांवर पोटरीपर्यंत रुतला, त्याला ओढून काढताना चपला आतच राहिल्या.

शेजारी नारळपाणी विकणाऱ्या मासी, म्हणजे मावशी, सगळं बघत होत्या. त्या गुजरातीत म्हणाल्या, "भाई, दरियो जोवो होय तो तिथि जोईने आववुं." समुद्र बघायचा तर तिथी बघून यावं. आपल्याला अहिराणी येते, त्यामुळे गुजराती समजायला दुभाषा लागत नाही. त्यानंतर मी दमणला पाच-सहा वेळा गेलो. दर वेळी भिंतीवरच्या कालदर्शिकेवर आधी तिथी पाहिली, नंतरच रेल्वेचं तिकीट काढलं. आईला दुसऱ्या वर्षी षष्ठीला घेऊन गेलो, तेव्हा पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलं होतं.

तापीकाठच्या माणसाला समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं हे पुस्तकातून माहीत असतं, अंगवळणी पडलेलं नसतं. म्हणून हॉटेल आणि जेवण यांच्याआधी मी तिथीचं लिहितो.

तिथी कशी बघायची

कोकणातले जुने कोळी एक साधा हिशेब करतात. त्या दिवसाच्या तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तेवढ्या वाजता मुंबईच्या बाजूला भरती. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन, तीन असंच मोजायचं. खंबातच्या आखाताकडे जावं तशी भरती उशिरा पोचते, म्हणून दमणसाठी या उत्तरात तास-दीड तास मिळवायचा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने दुसरी भरती. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते.

आता आमच्या दत्तजयंतीचा हिशेब करा. पौर्णिमा, सव्वाअकरा अधिक दीड तास, म्हणजे दुपारी पाऊणच्या सुमारास पाणी काठोकाठ भरलेलं असणार. आणि संध्याकाळी सातला पूर्ण ओहोटी. आम्ही पावणेसहाला पोचलो, तेव्हा चिखल दिसणारच होता. त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब ओसरतं. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी हा फरक मुंबईपेक्षाही मोठा पडतो. अष्टमीच्या आसपास असतो तो भांग. भांगाच्या भरतीला जोर कमी, पण पाणी फार लांबही जात नाही.

हे सगळं जुळवून बघितलं तर म्हातारी माणसं आणि पोरं सोबत असताना षष्ठी-सप्तमी सगळ्यात सोयीची. शुद्ध असो की वद्य. षष्ठीला पहाटे सहाच्या सुमारास भरती, म्हणजे होड्या खाडीत शिरताना दिसतात. दुपारी बाराला ओहोटी, म्हणजे चिखलातली दुनिया बघायला मिळते. आणि संध्याकाळी सहाला पुन्हा भरती, ऐन सूर्यास्ताला. ज्याला मासेमारीच बघायची आहे त्याने मात्र उधाणाच्या मागेपुढे, द्वितीया-तृतीयेला जावं. बोंबील आणि जवळा धरायची जी डोल जाळी असतात ती वाहत्या पाण्याच्या तोंडाशी रोवून ठेवतात. पाण्याला ओढ जितकी जास्त, तितकं जाळं भरतं. भांगात पाणी मंद होतं आणि डोलकराचं कामही मंदावतं.

पाऊणपटीचा हिशेब दिवस ठरवायला पुरेसा आहे. प्रत्यक्ष पाण्यात उतरायच्या दिवशी मात्र मोबाइलवर दमणचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडून मिनिटं पाहून घ्या. मुलं सोबत असतील तर यात हयगय नको.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होते म्हणून लोक समुद्राकडे पळतात, पण तिथे उन्हाळ्यात पारा कमी असला तरी हवा इतकी दमट असते की कोरड्या उष्म्याची सवय असलेला माणूस दोन तासांत गळून जातो. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. त्या काळात जेटी ओस पडते आणि ताट भरतं ते बर्फातल्या माशांनी. नारळी पौर्णिमेला कोळी समाज समुद्राला नारळ वाहून नव्या हंगामाला सुरुवात करतो. तो दिवस बघण्यासारखा असतो, फक्त पावसाची तयारी ठेवा.

जायचं कसं

आपल्या नशिबाने तापी खोऱ्यातली रेल्वे थेट त्या बाजूला उतरते. भुसावळ, जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली करत गाडी उधन्याला आणि सुरतेला पोचते. जळगाव ते उधना हा मार्ग सुमारे ३०७ किलोमीटरचा आणि आता दुहेरी आहे. नवापूरचं स्टेशन दिवसा लागलं तर खिडकीतून जरूर बघा. एकाच फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. उधना किंवा सुरतेहून मुंबईकडे जाणारी गाडी धरायची आणि वापीला उतरायचं. मुंबई-भुसावळ दरम्यानच्या काही गाड्याही नाशिकऐवजी याच रुळावरून जातात. त्यांचे वार आणि थांबे तिकीट काढताना पाहून घेतले तर सुरतेची बदली वाचते.

वापी स्टेशनपासून दमण साधारण १२ किलोमीटर. स्टेशनाबाहेर रिक्षा आणि टॅक्सी उभ्या असतात, माणशी भाड्यानेही नेतात. बसण्यापूर्वी "नानी दमण की मोटी दमण" हे सांगा आणि भाडं ठरवा. नदीच्या दोन काठांवरची ही दोन गावं आहेत, चुकीच्या काठावर उतरलात तर पुन्हा रिक्षा करावी लागते.

गाडीने जाणाऱ्यांसाठी धुळे-साक्री-कोंडाईबारी घाट-नवापूर-सोनगढ-बारडोली हा महामार्ग सरळ आहे. पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्गाने दक्षिणेला वापीपर्यंत यायचं. चाळीसगाव, मालेगावच्या मंडळींना नाशिक-पेठ-कपराडा-वापी हा रस्ता जवळचा पडतो. हिरवा आहे, पण घाटाचा आहे, रात्री नको. हिवाळ्यात वलसाडच्या आसपास महामार्गाच्या कडेला मातीची मडकी उलटी करून पेटवलेली दिसली की थांबा. त्याला उबाडियुं म्हणतात. पापडीच्या शेंगा आणि कंद, आत हिरवा मसाला, खाली-वर पाला, बाहेर जाळ. हुरड्याच्या दिवसांत आपण शेतात बसतो तसेच तिथले लोक या मडक्यांभोवती बसलेले असतात.

मुक्काम दोन रात्रींचा धरा आणि शनिवार-रविवार टाळा. सुरत, वापी आणि मुंबईची गर्दी त्या दोन दिवसांत उसळते, खोल्यांचे दर चढतात आणि देवका किनाऱ्याच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. ज्याला गाव पायी फिरायचं आहे त्याने नानी दमणमध्ये जेटीच्या आसपास खोली घ्यावी. शांतता हवी असेल तर जामपोरच्या बाजूला. आधार कार्ड प्रत्येकाचं सोबत ठेवा, हॉटेलवाले मागतातच.

पहिली सकाळ जेटीवर

नानी म्हणजे लहान आणि मोटी म्हणजे मोठी. पण बाजारपेठ, हॉटेलं, गजबज सगळी नानी दमणमध्ये. मोटी दमण म्हणजे जुन्या सत्तेचं ठाणं, किल्ल्याच्या तटाआडचं शांत गाव. मधून दमणगंगा वाहते आणि तिथेच समुद्राला मिळते. नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावलेली ही नदी. तिचं मुख हेच दमणचं बंदर.

भरतीच्या अर्धा तास आधी जेटीवर पोचा. नदीच्या मुखाशी गाळ साचलेला असल्यामुळे भरल्या पाण्याशिवाय मोठ्या होड्यांना आत येणं अवघड जातं. म्हणून पाणी चढू लागलं की एकामागून एक होडी शिरते. रंगीत नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, त्यावर देवीचं किंवा क्रूसाचं चिन्ह, वर फडकणारी निशाणं. होडीचा प्रमुख तो तांडेल. हे तिथलं आडनावही आहे. काठाला लागताच टोपल्या उतरतात आणि बोली सुरू होते. बायका गोल करून बसतात, आकडा तोंडाने चढत जातो, एक हात वर जातो आणि ढीग विकला जातो.

इथे मला एक गोष्ट फार आवडते. या बोलीला आपण लिलाव म्हणतो. चोपड्याच्या, अमळनेरच्या बाजार समितीत धान्याचा होतो तो लिलाव. हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. पगार, चावी, घमेलं, तुरुंग, बटाटा, पाव हे शब्दही त्यांचेच. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणारा आपला शेतकरी रोज ज्या शब्दात व्यवहार करतो तो शब्द अशाच कुठल्या तरी धक्क्यावर उतरून आत आला असणार. दमणच्या जेटीवर उभं राहून लिलाव ऐकताना मला ते जाणवतं.

फोटो काढायचा असेल तर विचारून काढा. त्या बायका पहाटेपासून कामावर असतात, त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरणं बरं दिसत नाही. "मासी, फोटो पाडुं?" असं विचारलं की बहुतेक जणी हसून हो म्हणतात. पायात रबरी चप्पल घाला. फरशी माशांच्या पाण्याने निसरडी असते.

जेटीला लागूनच नानी दमणचा किल्ला आहे, संत जेरोमचा. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत बांधलेला. नदीकडच्या दरवाजावर संताचा पुतळा आहे. आत १९०१ साली बांधलेलं समुद्रमातेचं चर्च आणि दफनभूमी आहे. तिथे लोक आपल्या माणसांना भेटायला येतात, तेव्हा थडग्यांवर बसून फोटो काढण्याचा प्रकार करू नका. तटावर चढा आणि नदीकडे तोंड करून उभे राहा. समोर मोटी दमणचा तट, खाली होड्या, डावीकडे पूल, उजवीकडे समुद्र. गावाचा सगळा नकाशा या एका जागेवरून कळतो, म्हणून मी नव्या माणसाला पहिल्या सकाळी इथेच आणतो.

पुलावरून पलीकडे जाताना एक आठवण ठेवा. २८ ऑगस्ट २००३ रोजी इथला जुना पूल कोसळला आणि शाळेतून परतणारी मुलं नदीत गेली. गावात त्या दिवसाविषयी अजून हळू आवाजात बोलतात.

मोटी दमण: हे पायीच बघा

माझ्या मते दमणचा जीव इथे आहे आणि नेमका हाच भाग लोक रिक्षातून वीस मिनिटांत उरकतात. निदान तीन तास द्या. ओहोटीच्या तासभर आधी सुरू करा, म्हणजे किल्ला बघून होईपर्यंत बाहेर चिखल उघडा पडलेला असतो.

१५५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कॉन्स्टँटिनो द ब्रागांझा याने दमण हबशी सरदाराकडून घेतलं आणि तिथे हा किल्ला उभा राहिला. दहा बुरूज, दोन दरवाजे, जमिनीकडून खंदक. एक दरवाजा नदीकडे, दुसरा गावाकडे, आणि त्या दोघांना जोडणारा सरळ रस्ता. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता तिथे संपली. पण दमण त्यांच्याकडेच राहिलं. पुढे १७७९ मध्ये पेशव्यांशी त्यांचा तह झाला आणि त्यातूनच नगर हवेलीचा मुलूख त्यांच्या हाती गेला. तो परत आला १९५४ साली. त्या मोहिमेत महाराष्ट्रातून गेलेले स्वयंसेवक होते, गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांपैकी एक. दमण मोकळं व्हायला आणखी सात वर्षं लागली. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे पहिली मराठा लाइट इन्फंट्री दमणमध्ये शिरली आणि १९ तारखेला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. चारशे वर्षांवर टिकलेलं राज्य आपल्याच मावळ्यांच्या वंशजांनी संपवलं, हे त्या दरवाजाखालून जाताना मुलांना जरूर सांगा.

नदीकडच्या दरवाजाने आत शिरा. किल्ल्याच्या आत आजही सरकारी कचेऱ्या चालतात, बाहेर सायकली आणि स्कूटर उभ्या असतात, वडाखाली अर्ज लिहिणारे दिसतात. त्यामुळे ही जागा वस्तुसंग्रहालयासारखी मेलेली वाटत नाही. चौकातल्या छोट्या बागेच्या एका बाजूला बॉम जेझूस चर्च आहे, १६०३ सालचं. बाहेरून पांढरं, साधं. आत गेलात की वेदीमागचं लाकडी कोरीवकाम आणि त्यावरचा सोनेरी मुलामा बघून माणूस गप्प होतो. सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर जा, मधल्या वेळेत दार बंद सापडू शकतं. रविवारी प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा किंवा नंतर या. टोपी काढा, आवाज खाली ठेवा. आपल्या मंदिरात परक्याने जसं वागावं असं आपल्याला वाटतं तसंच.

बागेच्या दुसऱ्या बाजूला रोझरी मातेचं छोटं चॅपेल आहे. आकाराने लहान, पण लाकडावरचं काम मला मोठ्या चर्चपेक्षा जास्त आवडतं. फळ्याफळ्यांवर प्रसंग कोरलेले आहेत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटं नुसते उभे राहा, मग एकेक चेहरा वर यायला लागतो. जवळच एक घर दाखवतात, पोर्तुगालचा कवी बोकाज याचं. १७८९ मध्ये त्याची नेमणूक दमणला झाली आणि थोड्याच दिवसांत तो नोकरी सोडून पळाला. पलीकडे डॉमिनिकन साधूंच्या मठाचे अवशेष आहेत. छत गेलेलं, भिंती उभ्या, वर आभाळ.

बाजूच्या गल्ल्यांत शिरा. कौलारू घरं, रंग उडालेल्या लाकडी गॅलऱ्या, दारावर क्रूस किंवा तुळशीवृंदावन. काही घरांना कुलपं दिसतील, त्यांवर गंज चढलेला. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, त्यामुळे दमण-दीवची पुष्कळ कुटुंबं इंग्लंडात, लेस्टरसारख्या शहरांत गेली. मागे राहिलेल्या जुन्या ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीज मिसळलेली एक घरगुती बोली बोलतात. ती बोलणारे थोडे उरलेत. अहिराणी बोलणाऱ्या माणसाला याचं दुःख वेगळं समजवावं लागत नाही.

तटावरून दीपगृहाकडे चालत या. खाली नदीचं मुख दिसतं. याच नदीकाठी एके काळी जहाजं बांधत. नगर हवेलीच्या जंगलातला साग खाली आणायचा आणि इथे जहाज उभं करायचं. 'डॉम फर्नांडो सेगुंडो ई ग्लोरिया' नावाचं पोर्तुगीज युद्धजहाज इथेच बांधलं आणि १८४३ साली पाण्यात सोडलं. १९६३ मध्ये ते लिस्बनजवळ जळालं, पुढे दुरुस्त केलं आणि आजही तिथे लोकांना बघायला ठेवलेलं आहे. नवापूर-डांगच्या बाजूचा साग आपण घराच्या सऱ्यांना, दारांना वापरत आलो. त्याच डोंगररांगेतलं लाकूड पावणेदोनशेहून जास्त वर्षांनंतरही युरोपात जहाज होऊन उभं आहे.

त्याच काळात माळव्याची अफू इंग्रजांचा कर चुकवून दमणवरून चीनकडे, मकाऊला जात असे. गावातले मोठे वाडे बघताना तोही पैसा लक्षात ठेवायला हवा.

आता ओहोटी झाली असेल. तटाखाली, जिथे पाणी सरलंय, तिथे काठावर उकिडवे बसा आणि हलू नका. सुरुवातीला नुसता राखाडी चिखल दिसतो. दोन मिनिटांनी त्यात भोकं दिसतात. मग एका भोकातून दोन फुगीर डोळे वर येतात. बोटाएवढा, चिखलाच्याच रंगाचा मासा बाहेर येतो, पुढच्या परांवर कुबड्या टेकाव्यात तसा पुढे सरकतो, थांबतो, अंग एका कुशीला लोळवून ओलं करतो आणि एकदम उडी मारतो. हे निवटे, गुजरातीत लेवटा. पाण्याबाहेर श्वास घेतात, पण कातडी सुकू द्यायची नसते म्हणून ते लोळणं. दोघांची हद्दीवरून जुंपली की पाठीवरचा पंख ताठ उभा करून एकमेकांवर धावतात. माझी मुलगी इथे तासभर बसली होती. पलीकडे होड्या एका कुशीवर कलंडून चिखलात बसलेल्या असतात, पाणी परत यायची वाट बघत.

समुद्रकिनारे, आणि पाण्यात उतरण्याचे नियम

जामपोर मोटी दमणच्या दक्षिणेला, सुरूच्या बनाच्या कडेने. वाळू काळसर आहे, कोकणासारखी पांढरी नाही, हे आधीच मनाशी धरा. मुलांना इथेच न्या. भरतीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वर चढत असताना कडेला खेळू द्या. पाणी उतरायला लागलं की बाहेर या. उतरतं पाणी माणसाला आत ओढतं आणि खालची जमीन कुठे वाळूची, कुठे गाळाची आहे हे वरून कळत नाही. ओहोटीत पाण्याच्या रेघेपर्यंत चालत जाण्याचा मोह होतो. जाऊ नका. किनारा इतका सपाट आहे की भरती फिरली की पाणी समोरून येण्याऐवजी बाजूच्या घळींतून मागे शिरतं आणि माणूस मध्येच अडकतो. विहिरीत किंवा तापीच्या डोहात पोहणारी आपली पोरं स्वतःला पट्टीचे पोहणारे समजतात, पण डोहातलं पाणी जागेवर असतं. हे त्यांना घरीच बजावून ठेवा.

देवका नानी दमणच्या उत्तरेला. किनारा खडकाळ आहे, पोहायला अजिबात नाही. २०२३ पासून तिथे साडेपाच किलोमीटरच्या आसपास समुद्राकाठचा फिरायचा रस्ता झाला आहे. संध्याकाळी चालायला, म्हाताऱ्या माणसांना बाकावर बसवायला उत्तम.

खाणं आणि एक स्पष्ट सूचना

ताजं पापलेट, सुरमई, बोई, बोंबील. तिथे बोंबलाला बुमला म्हणतात. आपल्याला काळ्या मसाल्याची, तेलाच्या तर्रीची सवय, त्यामुळे तिथली कालवणं पहिल्या घासाला सौम्य वाटतात. तिखट वाढवून मागू नका. समुद्राच्या ताज्या माशाला मसाला कमीच लागतो, गोडसर चव त्या मांसाचीच असते. मासा बघून निवडा: डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर मांस वर यायला हवं. दर किलोवर आहे की नगावर हे आधी विचारा. घरात माळकरी कुणी असेल तर काळजी नको, गुजराती थाळी सगळीकडे मिळते.

दमण म्हटलं की आपल्याकडे बरेच जण डोळे मिचकावतात. गाव साडेचारशे वर्षांहून जुनं आणि त्याची ओळख बाटलीपुरती उरली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथे दारूला परवानगी आहे, पण समुद्राची बाजू सोडली तर सगळीकडून गुजरात आहे आणि गुजरातेत दारूबंदी. हद्दीवर तपासणी असते. एक बाटलीही सोबत नेऊ नका आणि पिऊन गाडी चालवू नका. आमच्या ओळखीतल्या एका तरुणाला यापायी कोर्टाच्या खेपा घालाव्या लागल्या आणि त्याच्या वडिलांनी त्यासाठी बैल विकले.

दुसरा दिवस मोकळा असेल तर उदवाडा जवळ आहे. पारशांचा इराणशाह अग्नी १७४२ पासून तिथे तेवतो आहे. अग्यारीत पारशांशिवाय कुणाला प्रवेश नाही, तिथे हुज्जत घालू नका. गावातली जुनी लाकडी घरं आणि छोटं संग्रहालय बघण्यासारखं आहे.

परतताना सुकी मासळी

आपल्या आठवडे बाजारात कोपऱ्यात गोणपाटावर सुकट आणि बोंबील घेऊन बाई बसलेली असते. लहानपणापासून आपण ते खातो, पण ते बोंबील वाळताना मी पहिल्यांदा पाहिले ते दमणच्या उत्तरेकडच्या कोळीवस्तीत. बांबू रोवून त्यावर आडव्या दोऱ्या, आणि दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टांगलेले. वारा आला की सगळी ओळ एकदम हलते. ओल्या बोंबलात पाणीच फार, म्हणून कडक ऊन आणि कोरडा वारा लागतो. पावसाळ्यानंतरच्या थंडीत वाळवलेले बोंबील म्हणूनच सरस.

घेताना एक हातात घ्या. रंग फिकट, हलका पिवळसर हवा. वाकवला तर थोडा वाकून मग तुटायला हवा. लगेच भुगा होत असेल तर जुना, आणि चिवट दमट लागला तर घरी पोचेपर्यंत बुरशी धरेल. डोक्याजवळ बारीक छिद्रं दिसली तर कीड आहे, सोडून द्या. आधी वर्तमानपत्रात, मग दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. घरून रिकामा डबा न्यायला विसरू नका. रात्रभराच्या गाडीत शेजारच्या बाकावर शाकाहारी माणूस असतो, त्याचा विचार आपणच करायचा.

घरी आल्यावर गच्चीवर एक दिवसाचं ऊन द्या. आपल्याकडचं ऊन त्या कामाला तिथल्यापेक्षा चांगलं. मग डोकी-शेपट्या काढून बोटभर तुकडे, कोरड्या तव्यावर मंद आचेवर खमंग भाजायचे. त्याच तव्यावर लाल मिरच्या, मूठभर शेंगदाणे, लसूण. सगळं दगडी खलात ओबडधोबड कुटायचं, मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखून, कारण बोंबलात समुद्राचं थोडं असतंच. सोबत कळण्याची भाकरी आणि कच्चा कांदा. दुसऱ्या वर्षी षष्ठीचा समुद्र बघून आल्यावर आईने अशीच चटणी केली, पहिला घास तोंडात घातला आणि पोरांना हाताने दाखवू लागली, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते.